पोटखराबा

सातबारा ज्यांनी निरखून वाचलाय त्यांना हा शब्द ठाऊक असेल. क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य जमिनीच्या खाली एक बारका आकडा असतो आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं, पोटखराबा. गटाच्या पोटातली, पण पिकाच्या कामाची नसलेली जमीन. खडक, घळ, नाला, मुरमाड उतार. त्यातही वर्ग अ आणि वर्ग ब. अ म्हणजे शेतीला निरुपयोगी, ब म्हणजे रस्ता, ओढा, तलाव असं काहीतरी सार्वजनिक. या तुकड्यावर सारा आकारत नाहीत. सारा नाही म्हणजे उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणजे तिथं काहीच नाही, असा हा सरळ हिशेब.

मी माण तालुक्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘परिसंस्था म्हणजे काय?’ या प्रश्नाचं दोन गुणांचं उत्तर किती पोरांकडून घोकून घेतलं त्याची गणती नाही. मला स्वतःला ते उत्तर कळलं निवृत्तीनंतर, एका पोटखराब्यात खड्डे काढताना.

जुलै महिना होता. बाहेरगावची एक संस्था रोपं घेऊन आली होती. करंज, सुबाभूळ आणि निम्म्याहून जास्त गिरिपुष्प. बॅनर, टोप्या, नाश्त्याला पोहे, सगळं रीतसर. गावच्या वरच्या माळावर ओळीनं चर खोदलेले. आम्ही उत्साहानं रोपं लावत होतो. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर आला, काठीवर हनुवटी टेकून थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, हितं काय न्हाई म्हणून झाडं लावताय न्हवं? मग माझी मेंढरं इतकी वर्सं काय खात हुती?”

मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या एप्रिलात त्या माळावर गेलो तेव्हा रोपांच्या जागी काटक्या उरल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे चरातून वर काढलेल्या मुरमाच्या ढिगांवर गवतही धरलं नव्हतं. माण-खटावात लोकांनी श्रमदानानं पाण्याची फार मोठी कामं उभी केली आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. कुठल्या उतारावर चर काढायचा याला शास्त्र आहे. आम्ही शास्त्र बघितलं नव्हतं, मोकळी जागा बघितली होती.

तर आता ते दोन गुणांचं उत्तर नीट सांगतो.

ज्याला आपण परिस्थितिकी किंवा परिसरशास्त्र म्हणतो, त्याचं युरोपीय नाव एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानं 1866 साली घडवलं. त्यासाठी त्यानं ‘घर’ या अर्थाचा ग्रीक शब्द घेतला. म्हणजे हे घराचं शास्त्र. घर म्हणजे भिंती आणि छप्पर एवढंच नसतं. कोण कधी उठतं, चुलीवर काय शिजतं, उरलेलं कुणाच्या ताटात जातं, पाणी कुठून येतं आणि मोरीतून कुठं जातं, या सगळ्या ये-जा मिळून घर नांदतं. 1935 मध्ये आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं परिसंस्थेची कल्पना मांडली ती नेमकी हीच. सजीव, ते ज्यावर जगतात ती माती, पाणी, हवा, ऊन, आणि या सगळ्यांमधली देवघेव, हे मिळून एक एकक. यातली देवघेव महत्त्वाची. नुसती प्राण्यांची आणि झाडांची यादी केली तर ते शिधापत्रिकेवरच्या नावांसारखं होतं. घरात कोण कोण आहे ते कळतं, घर चालतं कसं ते कळत नाही.

सातारा जिल्ह्यात हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवड-दहिवडीकडे आलात तर पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना निवतात आणि रिकामे होतात, पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं उरत नाही. हीच पर्जन्यछाया. एका जिल्ह्यात दहापट फरक. तरीही वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठरवताना दोन्हीकडे रोपांची संख्याच मोजली जाते, याची मला गंमत वाटते. पूर्वी मीही तसंच मोजत होतो.

पाचशे मिलिमीटर पाऊस आणि वीतभर मुरूम, एवढ्या भांडवलावर काय उगवेल? गवत. त्याची मुळं बारीक जाळ्यासारखी वरच्या थरात पसरतात आणि पडलेलं पाणी खाली किंवा वर निघून जायच्या आत उचलतात. चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मग वाळून उभं राहायचं. झाडाला हे जमत नाही, त्याला एप्रिलातही पाणी लागतं. म्हणून माळावर झाडं दिसतात ती विखुरलेली, जिथं खडकाला भेग आहे किंवा ओढ्याची ओल आहे तिथं. हिवर, बोर, बाभूळ.

आणखी एक बारकावा आहे, तो मी वर्गात कधीच सांगितला नव्हता. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, वरचं पातं मेंढीनं खाल्लं तरी ते पुन्हा वाढतं. रोपट्याचा कोंब शेंड्याला असतो, तो खाल्ला की वाढ खुंटते. म्हणजे चराईनं गवताचं फारसं बिघडत नाही आणि झाडाचं बिघडतं. हजारो वर्षं हरणं, काळवीट, नंतर गुरं-मेंढरं यांनी चरून माळ हा माळ म्हणून टिकवलाय. तो तुटलेल्या जंगलाचा उरलेला तुकडा असेलच असं नाही. पुष्कळदा तो मुळातच माळ असतो.

माळावर कोण राहतं? सकाळी लवकर गेलात तर चंडोल गाताना उंच चढत जातो आणि दगडासारखा खाली येतो. धाविक पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. पखुर्डी पायाखालून उडेपर्यंत दिसत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्या ससाणे येतात आणि गवतावरून तरंगत फिरतात. ससा, खोकड, तरस. आणि लांडगा.

लांडगे कमी का असतात, हा प्रश्न मुलांना विचारला की उत्तर येतं, ‘माणसांनी मारले म्हणून.’ ते खरंच आहे, पण कुणीही मारले नसते तरी ते थोडेच असते. गवत उन्हातली ऊर्जा पकडतं. मेंढी ते खाते. खाल्लेल्यातलं बरंचसं चालण्यात, श्वासात, अंग गरम ठेवण्यात आणि लेंड्यांत जातं. तिच्या अंगी लागतो ढोबळमानानं दहावा हिस्सा. लांडगा मेंढी खातो तेव्हा पुन्हा तेच. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन संशोधकानं एका तळ्याच्या अभ्यासातून 1942 मध्ये ऊर्जेची ही उतरंड मांडली. हिशेब नेमका दहाचाच येतो असं नाही, कुठं पाच टक्के, कुठं पंधरा. पण बोटांवर मोजायला असं धरा, शंभर किलो गवतातून दहा किलो शाकाहारी प्राणी, आणि दहा किलोंतून एक किलो शिकारी. लांडग्याच्या एका टोळीखाली केवढा माळ अंथरलेला लागतो, ते यावरून ताडा.

म्हणूनच माळ निम्मा झाला तर लांडगे निम्मे होत नाहीत. एका मर्यादेखाली टोळीच टिकत नाही. मधून रस्ता गेला, एका बाजूला प्लॉटिंग झालं, दुसरीकडे कुंपण आलं, तर एकूण क्षेत्र कागदावर बरंचसं तेवढंच दिसतं. लांडग्याच्या दृष्टीनं मात्र घराच्या चार खोल्यांमध्ये भिंती घालून दारं बुजवल्यासारखं होतं. याला अधिवासाचे तुकडे पडणं म्हणतात. आज रानातल्या जनावरांचं जे नुकसान होतंय, त्यातला फार मोठा वाटा बंदुकीचा नसून या तुकड्यांचा आहे.

त्या धनगर आबांशी पुढं माझी ओळख वाढली. लांडग्याबद्दल त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, “त्येचा वाटा त्यो न्हेतो. पर लईच न्हेला तर आमी बी काठी उचलतोच की.” पुस्तकातलं निसर्गप्रेमी वाक्य त्यांनी दिलं नाही, हे मला बरं वाटलं.

ऊर्जा एकदा वापरली की गेली, ती परत येत नाही. रोज नवं ऊन लागतं. पण नत्र, स्फुरद, पालाश यांचं तसं नाही, ती फिरत राहतात. आमच्याकडे शेतात मेंढरं बसवायची पद्धत आहे. दिवसभर माळावर चरलेली मेंढरं रात्री शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात बसवायची, त्यांच्या लेंड्या आणि मूत मातीत मुरतं, त्याबदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे. फलटण-माणकडचे कळप पुढं कोकणात उतरतात तेव्हा तिकडच्या भातखाचरांतही हेच चालतं. आता हे नीट पाहा. माळावरच्या गवतात जे अन्नद्रव्य होतं ते चार पायांवर चालत बागायती रानात आलं. ज्या जमिनीवर सारा नाही, ती सारा भरणाऱ्या जमिनीला खत पुरवतेय. माणदेशची खिल्लार जनावरं आणि जत भागातली माडग्याळी मेंढी ही सगळी याच कोरड्या मुलखात घडली. पोटखराबा काढून टाकला तर या जातीही राहत नाहीत, पण सातबाऱ्यावर हे कुठं लिहिणार?

आता माण सोडून थोडं पश्चिमेला जाऊ. चाळकेवाडीचं पठार, पाटणकडचं. पवनचक्क्यांमुळे आता सगळ्यांना माहीत आहे. जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे सपाट कातळ, वर भणाणता वारा. पवनचक्क्या उभ्या करायला याहून रिकामी जागा कुठली, असं कुणालाही वाटेल.

तिथं एक सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी कातडी असते आणि विणीच्या दिवसांत तो ती उघडून निळा, काळा, नारिंगी असे रंग दाखवतो. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नवी प्रजाती म्हणून नोंदवलं आणि त्याच्यासाठी नवीन वंशही (जीनस) केला. त्या वंशाचं शास्त्रीय नाव काय ठेवलं? आपला मराठी शब्दच घेतला, सरडा. लॅटिनच्या थाटात ‘सारडा सुपर्बा’. जगभरच्या यादीत आपल्या बोलीतला शब्द बसलाय आणि साताऱ्यात किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी या पठारावर पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. 2018 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. पात्यांच्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे घारी-ससाण्यांसारखे, जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. पक्षी कमी म्हणून सरडे वाढले. इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढं आहे. या निर्धास्त सरड्यांच्या रक्तात तणावाचं संप्रेरक कमी होतं आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. पण दाटीमुळे खाण्यात वाटेकरी वाढले, अंगानं ते बारीक राहिले आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. सरड्याला कुणी हातही लावला नव्हता. वर आकाशात पाती फिरू लागली आणि खाली गवतात एका प्राण्याचा रंग उतरला.

पाठ्यपुस्तकात अन्नसाखळी शिकवताना आपण वाघ काढतो. वाघ गेला तर हरणं वाढतील, हरणं वाढली तर जंगल उजाड होईल, असं. चाळकेवाडीत वाघाच्या जागी पवनचक्की काढावी लागेल, असंच त्या संशोधकांचं म्हणणं. पक्षी तिला टाळतात, म्हणजे साखळीत ती सगळ्यात वरच्या शिकाऱ्याच्या जागी बसली. मला पवनचक्क्या नकोत असं नाही. वीज मलाही लागते आणि धूर न करणारी असेल तर उत्तमच. माझं भांडण ‘पडीक पठारावर’ या दोन शब्दांशी आहे.

कास त्या मानानं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे फुलांचं वर्णन करत नाही. एकच प्रश्न घेऊ. एवढी फुलं तिथंच का?

लोकांना वाटतं, माती फार सुपीक असेल. उलट आहे. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसानं धुतलेला काळा पाषाण. विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. वर माती कुठं बोटभर, कुठं तीही नाही. नत्राची तर ओरडच. झाडाचं मूळ आत शिरू शकत नाही. पावसाळ्यात सगळीकडे पाणी, जानेवारीनंतर तापलेला तवा. अशा ठिकाणी दांडग्या वनस्पती टिकत नाहीत, आणि म्हणूनच बारक्यांना जागा मिळते. सीतेची आसवं हे निळं-जांभळं नाजूक फूल घ्या. मातीत नत्र नाही म्हणून त्याच्या जमिनीतल्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्या क्षणार्धात आत ओढून पचवतात. दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांनी किडे धरते. गेंद, तेरडा, कंदीलपुष्प, प्रत्येकानं गरिबीत संसार कसा करायचा याची वेगळी युक्ती काढलेली आहे. वायतुरा तर इतका चोखंदळ की सह्याद्रीतल्या मोजक्याच सड्यांवर आढळतो. अशा ठरावीक मुलखापुरत्या जातींना प्रदेशनिष्ठ म्हणतात. त्या तिथून गेल्या की जगातूनच जातात.

इथं कुणी चांगल्या भावनेनं गाडीभर शेणखत आणून टाकलं तर काय होईल? दांडगं गवत आणि तण माजेल आणि आसवं-दवबिंदू त्याखाली गुदमरतील. समृद्धी वाढवायच्या नादात समृद्धी जाईल. युनेस्कोनं 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात महाराष्ट्रातली चार. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चारांतली तिघं सातारा-सांगलीच्या अंगाखांद्यावरची, आणि त्यात एक चक्क उघडा सडा आहे.

कासच्या कुंपणाची गोष्ट मला या सगळ्यात शिकवण्यासारखी वाटते. यादीत नाव आल्यावर गर्दी लोटली. फुलं तुडवली जाऊ लागली, म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं. हेतू चोख होता. पण कुंपणानं माणसांबरोबर गुरंही अडवली. शतकानुशतकं आसपासच्या गावांची गुरं त्या सड्यावर चरत होती आणि दांडगं गवत खाऊन उंची आटोक्यात ठेवत होती. गुरं थांबल्यावर गवत वाढलं, फुलं कमी झाली अशी ओरड स्थानिकांनी आणि अभ्यासकांनी केली. पुढं कुंपण काढण्यात आलं. फुलं घटण्याचं हे एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही, पावसाचं वेळापत्रकही बदलतंय. पण तत्त्व जुनं आहे. थोडी चराई, थोडी तुडवणूक, अधूनमधून वणवा, याला परिसरशास्त्रात व्यत्यय म्हणतात. फार झाला तर नाश होतो आणि अगदीच नसला तर एखादी बळकट जात बाकीच्यांना दाबून टाकते. किती आणि कधी, यातच सगळं आहे.

संरक्षण आणि संवर्धन या दोन शब्दांतला फरकही इथंच कळतो. आपण ते एकाच दमात म्हणतो. संरक्षण म्हणजे घराला कुलूप. ते कधी कधी लावावंच लागतं. संवर्धन म्हणजे घर नांदतं ठेवणं. कुलूपबंद वाडा चोरांपासून वाचतो, पण वाळवीपासून वाचत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल, गुरुजी झाडं लावण्याच्या विरोधात आहेत. म्हणून सांगलीतलं सागरेश्वर सांगतो.

कडेगाव, वाळवा, पलूस या तालुक्यांच्या सीमेवर, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी देवराष्ट्रेच्या लगत, उघडे पडलेले डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून तिथं रान उभं केलं आणि 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. माणसांनी लावलेलं जंगल, माणसांनी आणून सोडलेली सांबरं, चितळं, काळविटं. हे काम छोटं नाही. माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथं जायला हवी.

आणि तिथं गेल्यावर मुलांना पुढचा भागही सांगायला हवा. हरणं आहेत, मोठा शिकारी कायमचा वस्तीला नाही. बारमाही नैसर्गिक पाणी नाही, उन्हाळ्यात ते पुरवावं लागतं. रानाला चारी बाजूंनी शेतं, त्यात ऊस. हरणं वाढत गेली की एका टप्प्याला रान म्हणतं, आता पुरे. कुठलीही जागा किती तोंडं कायम पोसू शकते याला धारणक्षमता म्हणतात. ती ओलांडली की हरणं कुंपणातून वाट काढून उसात, शाळवात शिरतात. शेतकरी वैतागतो आणि त्याचं चुकत नाही. मग कुंपण वाढवा, भरपाई द्या, हरणं दुसरीकडे न्या, अशी कामं कायमची मागं लागतात. इथली हरणं चांदोलीच्या जंगलात सोडण्याचे प्रयत्नही झाले. तिथं कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला, आणि वाघाला आधी खायला काहीतरी हवं. म्हणजे एकीकडे शिकारी नाही म्हणून हरणं जास्त, दुसरीकडे हरणं कमी म्हणून वाघ टिकायची पंचाईत. जंगल लावता येतं, नाती लावायला फार वेळ लागतो.

मग एखादा उघडा उतार दिसला तर तो मूळचा माळ आहे की तोडून उजाड केलेलं रान, हे ओळखायचं कसं? नुसतं बघून चटकन कळत नाही, पण खुणा असतात. पावसाळ्यात जमिनीतून झाडांचे फुटवे येत असतील, म्हणजे खाली जुनी मुळं जिवंत असतील, तर तिथं झाडं होती. अशा ठिकाणी रोपं आणायची गरजच नाही. कुऱ्हाड आणि चराई काही वर्षं थांबवा, रान स्वतः वर येतं. जवळ देवराई असेल तर तिच्यात शिरून बघा, त्या मातीला कुठली झाडं मानवतात याचा तो जिवंत नमुना असतो. खड्डा खणून मातीची खोली बघा. म्हाताऱ्यांना विचारा आणि शेतांची, टेकड्यांची नावं विचारा, नावांत झाडं दडलेली असतात. उलट मातीच नसेल, कुसळी-पवन्यासारखं कायमचं गवत दाट असेल आणि धाविक-चंडोल तिथं घरटी करत असतील, तर फावडं खाली ठेवा.

रोप कुठलं, हाही प्रश्न आहेच. गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लावणाऱ्याला सोपं. गुरं तोंड लावत नाहीत हा ज्याचा गुण, ते इथल्या साखळीत कुणाच्या पोटात जाणार? डोंगर लांबून हिरवा दिसतो, एवढंच. घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ यांची कथा आणखी वाईट, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कायद्यांचं थोडक्यात सांगतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा प्राण्यांना अनुसूचीप्रमाणे संरक्षण देतो, लांडगा त्यात पहिल्या अनुसूचीत आहे. 1980 चा वनसंवर्धन कायदा वनजमीन दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधन आणतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर संवेदनशील क्षेत्र ठरला. या चौकटीत माळाची जागा कुठं? लांडग्याला संरक्षण आहे, पण तो ज्या गायरानावर राहतो ते वन नाही, महसुली जमीन आहे. सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहत, घरकुलं, कशालाही जागा लागली की पहिली नजर गायरानावर जाते. पाहुण्याला संरक्षण आणि घर लिलावात, असा हा प्रकार आहे.

एक वाट मात्र गावाच्या हातात आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. गावात काय उगवतं, काय चरतं, काय उडतं, कुणाला त्याची माहिती आहे, हे सगळं तिच्यात लिहायचं. उद्या माळावर काही प्रकल्प आला तर ‘इथं काही नाही’ या वाक्याला गावाकडे लेखी उत्तर असतं.

एका गावची अशी नोंदवही मी मागून घेतली आणि चाळली. आंबा, चिंच, वड, पिंपळ, लिंब, सगळं नीट लिहिलेलं होतं. गवताच्या रकान्यात एकच नोंद होती, ‘गवत’. वही घेऊन मी माळावर आबांकडे गेलो. ते बसल्या जागेवरून काठीनं दाखवत सांगू लागले आणि मी लिहीत गेलो. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा, कुंदा, हरळी. कुठलं मेंढीला पहिल्या पावसात चालतं, कुठलं वाळल्यावरच, कुठल्याचं कुसळ लोकरीत रुततं. सहा झाली तेव्हा ते उठले, कारण मेंढरं पुढं गेली होती. बाकीची उद्या सांगतो म्हणाले.